दोन लेकरं, किती हात?

लेकरं आपोआप वाढतात, असं आमची मावशी म्हणते. आपोआप काहीच वाढत नाही, कोणीतरी वाढवत असतं, असं माझी वहिनी म्हणते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, दोघी रामटेकच्या आमच्या घरी होत्या आणि दुपारभर याच गोष्टीवर बोलत राहिल्या. मी माहेरी आलेली, मुलांची आत्या. बहुतेक वेळ ऐकत होते. हे बोलणं घरोघरी होतं, पण टोमण्यांतून होतं. समोरासमोर बसून, शेवटपर्यंत कोणी ते नेत नाही. या दोघींनी नेलं, म्हणून लिहून काढते आहे.

मावशी मनसरची, अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेली. वहिनी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते, म्हणजे जितके तास तितके पैसे आणि सुट्टी लागली की तेही बंद. मोठी मुलगी साडेचार वर्षांची, केजी वनला जाते. लहान्या दीड वर्षाचा. माझा भाऊ नागपूरला अप-डाऊन करतो, सकाळी सातला घर सोडतो आणि रात्री आठला परततो. आई गेल्यापासून त्या घरात दिवसभर मोठं माणूस एकच असतं. वहिनीचे तास असतात तेवढा वेळ शेजारच्या एक बाई पैसे घेऊन लहान्याला बघतात.

सुरुवात वरणभातावरून झाली. लहान्या घास गालात धरून बसला होता. वहिनीने मोबाइलवर गाणं लावून त्याच्यासमोर धरलं, तोंड उघडलं की घास आत.

मावशी : ठेव तो फोन बाजूले. त्याले भूक नाही.

वहिनी : सकाळपासून अर्धी वाटी पोटात गेली आहे, मावशी. मागच्या तीन महिन्यांत वजन जेमतेम वाढलं. याच्या वयाचे बाकीचे बघा.

मावशी : बाकीचे कायले पाहू? मी जन्मभर लेकरंच तोलली. ऐक. तीन किलोचं लेकरू जन्मलं तं पाच महिन्यांत सहा होते, वर्षाले नऊ. पण दुसऱ्या वर्षात पूर्ण बारा महिन्यांत दोन, फार तं अडीच किलो वाढते. वाढच मंदावते तं भूकही मंदावते. हे आईले कोणी सांगत नाही, अन् आई घाबरते. दंडाले टेप लावला अन् साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तं घाबर. याचा दंड पाहून घे, चांगला भरलेला आहे.

वहिनी : हे मला डॉक्टरांनीही एवढं नीट नाही सांगितलं.

मावशी : अन् फोन पाहत खाल्लं तं पोट भरलं का नाही, हेच त्याले समजत नाही. दोन वर्षांच्या आत तं फोन दाखवूच नये म्हणतात.

वहिनी : माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तेच सांगितलं, दोन वर्षांनंतरही दिवसाला तासाभराच्या वर नको. मी वाचलं आहे, मावशी. वाचूनही देते. का देते ते ऐकाल? साडेपाचला उठते. नळ येतो तेव्हा पाणी भरायचं, कारण नंतर येत नाही. यांचा डबा, मोठीचा डबा. मोठी उठते ती रडतच, तिला केस विंचरायचे नसतात. तोवर हा उठतो, मग याला कडेवर घेऊन एका हाताने पोळ्या. मोठीचा ऑटो साडेआठला. तो गेला की याची अंघोळ, याला शेजारी सोडून कॉलेज, आल्यावर कपडे, भांडी. साडेबाराला मोठी परत. तिला शाळेतलं सगळं तेव्हाच सांगायचं असतं आणि याला तेव्हाच झोप आलेली असते. उन्हाळ्यात तर विचारूच नका, पंचेचाळीस अंशांत लाइट गेली, कूलर बंद पडला की दोघं घामोळ्यांनी किरकिरतात आणि मी पुठ्ठ्याने वारा घालत बसते. या सगळ्यात फोन दिला की दहा मिनिटं कोणी रडत नाही. दिवसभरात तेवढीच.

मावशी गप्प ऐकत होती. मग तिने लहान्याला मांडीवर ओढलं, ताट त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, खा तुझ्या हातानं. लहान्याने अर्धा भात फरशीवर सांडला, काही केसांना लावला. पण चार घास खाल्ले.

मावशी : पाय. खाल्लं का नाही?

वहिनी : खाल्लं. आणि फरशी कोण पुसणार?

हा प्रश्न वहिनीने चिडून विचारला नव्हता. पण मला वाटतं, त्या दुपारचा खरा विषय तिथे आला. बालसंगोपनाचे सगळे शहाणे सल्ले, मुलांना मातीत खेळू द्या, हाताने खाऊ द्या, त्यांच्या गतीने वाढू द्या, हे कोणाच्या तरी वेळेतून खर्च होत असतात. सल्ला देणारा तो खर्च धरत नाही.

मावशी : तुमची मायची जात आता फार भिऊन राहिली आहे. आम्ही का लेकरं नाही वाढवली? माझी दोन. सासरी पानमळा होता. रामटेकचं पान तवा लांब लांब जायचं. मळ्याचं काम म्हणजे बाराही महिने पाणी अन् सावली. सकाळी मळ्यात, मंग अंगणवाडीत, सांजेले घरी. लेकरं अंगणात खेळत राहत, पडत, उठत, भूक लागली तं कोणाच्याही ताटात बसत. कोणी त्यांच्या मागं वाटी घेऊन धावलं नाही. आपोआप वाढली.

वहिनी : मावशी, तुम्ही मळ्यात असताना घरी कोण असायचं?

मावशी : असत ना सारे. सासू, आजेसासू. मोठी जाऊ.

वहिनी : अजून?

मावशी : नणंद होती लहान.

वहिनी : केवढी?

मावशी : असंल दहा-अकराची. लेकरांचा फार लळा तिले. दिवसभर कडेवर घेऊन फिरायची. माझ्या लहान्यानं पहिलं पाऊल टाकलं ते तिच्याच बोटाले धरून.

वहिनी : दिवसभर? मग शाळा?

मावशी थांबली. हातातली सुपारी तशीच राहिली.

मावशी : चौथीनंतर काढली तिले. घरी लेकरं सांभाळाले कोणी पाहिजे होतं.

वहिनी काही बोलली नाही. जिंकल्यासारखं तर मुळीच बोलली नाही. मीही गप्प होते. मावशीची ती नणंद सही करताना अजून अडखळते, आणि आम्ही सगळी भावंडं तिच्याकडे प्रेमळ म्हणूनच पाहत आलो. ती प्रेमळ आहेच. पण त्या प्रेमाच्या बदल्यात तिचं काय गेलं, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं.

पुढचं मावशी स्वतः बोलली. कोणी तिला बोलायला लावलं नाही.

मावशी : आमच्या ट्रेनिंगमध्ये अनुताई वाघांचं सांगत. ताराबाई मोडक अन् अनुताई. बोर्डीले 1945 साली त्यांनी गावच्या लेकरांसाठी बालवाडी काढली, पुढं आदिवासी लेकरांसाठी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. लेकरं शाळेत येत नाहीत तं शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीचं मूळ ते. पण त्यांनी आणखी एक केलं. मोठ्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण कडेवर भाऊ नाही तं बहीण. मंग त्यांनी पाळणाघर, बालवाडी अन् प्राथमिक शाळा एकाच जागी केली. विकासवाडी म्हणत त्याले. मुलीनं येतानी भावाले आणायचं, त्याले पाळणाघरात ठेवायचं, अन् स्वतः वर्गात बसायचं. हे मी शिकली, परीक्षेत लिहिलं, पासही झाली. अन् घरी माझीच नणंद माझंच पोट्टं घेऊन फिरत होती.

त्याच वेळी मोठी आतून आली. अंगावर जरीचा झगा, हातात लाकडी नंदीबैल, बैलाच्या गळ्यात झेंडूची माळ. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: पोळा मोठ्या बैलांचा, आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा मुलांचा. चाकांवरचे लाकडी बैल सजवून मुलं मिरवतात, घरोघर जातात आणि बोजारा घेतात, म्हणजे थोडे पैसे किंवा खाऊ. नागपूरकडच्या माणसाला बालपण आठवायचं तर हा एक बैल पुरतो.

मावशी : (सवयीनं) ताई, जाय, लहान्यालेही ने संगं. तू मोठी ना? हात धर त्याचा.

वहिनी : नको. तिला एकटीला जाऊ द्या मैत्रिणींसोबत. त्याला मी आणते मागून.

मावशी : व माय, भावाचा हात धरला तं का बिघडलं?

वहिनी : आज काही बिघडत नाही. पण साडेचार वर्षांची आहे ती. हा झाला त्या दिवसापासून तिला सगळे मोठीच म्हणतात. ताई आहेस ना, रडू नको. ताई आहेस ना, त्याला दे. ती तेव्हा तीन वर्षांची होती. हा घरी आल्यावर ती पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली, पुन्हा बाटलीतून दूध मागायला लागली. सगळे हसले. मला हसू येत नव्हतं. दोन महिने ती माझ्याजवळ झोपली नाही, कारण माझ्या कुशीत हा असायचा.

मावशी : ते होते. अंगणवाडीत मी किती पाहिली अशी. दुसरं झालं की पहिलं वाळते. त्यावर एकच औषध, दिवसातून थोडा वेळ आई फक्त तिची. लहान्या नाही, काम नाही, फोन नाही.

वहिनी : रात्री हा झोपला की देते. पण तोवर माझेच डोळे मिटत असतात. ती गोष्ट सांग म्हणते आणि मी अर्ध्या गोष्टीत झोपते. मग तीच मला उठवते, पुढे काय झालं म्हणून.

मावशी : एक मात्र सांगतो तुले. लेकराले काहीच काम सांगू नये, असंही नाही. वाटाणे सोलणं, ताटं मांडणं, भावाचा लंगोट आणून देणं, यात लेकराले मोठेपण वाटते. तिले जबाबदारी नको देऊ, काम दे. भाऊ पडला तं ओरडा तिले बसते, तिथं जबाबदारी झाली.

मावशीचं हे म्हणणं मला पटलं. वहिनीलाही पटलेलं दिसलं. मोठी तोवर बैल ओढत फाटकापर्यंत पोहोचली होती.

गडमंदिराच्या बाजूने ढोलाचा आवाज येत होता. वहिनी इतिहासाची. तिला जे आठवलं ते मला आठवलं नसतं.

वहिनी : मावशी, आपल्या रामटेकशी लहान मुलांच्या एका आईचं नाव जोडलेलं आहे, तुम्हाला माहीत आहे? प्रभावतीगुप्ता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांच्या घरी दिलेली. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर गेला. मुलं लहान. तिने मुलांच्या वतीने राज्य चालवलं, चौथं शतक संपताना. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आपलं नगरधन. तिचा पुण्यात मिळालेला ताम्रपट नंदिवर्धनहून निघालेला आहे. त्यात तिची ओळख युवराज दिवाकरसेनाची आई अशीही आहे. ऋद्धपूरचा ताम्रपट तर रामगिरीच्या, म्हणजे आपल्या रामटेकच्या, देवाच्या पायाशी बसून दिलेला. वा. वि. मिराशींनी या वाकाटकांवर केवढं काम करून ठेवलं आहे. मी वर्गात शिकवते तेव्हा मुली विचारतात, मॅडम, लहान मुलं असताना तिला राज्य कसं जमलं?

मावशी : राणीले काय. दहा दायी असतील.

वहिनी : तेच तर. असणारच. तिने दान दिलं, शिक्के उमटवले, ताम्रपट कोरून घेतले, कारण तेवढा वेळ मुलं दुसऱ्या कोणाच्या तरी हातात होती. राणीचं नाव राहिलं, ज्यांनी मुलं धरली त्यांचं कुठेच नाही. तुमच्या घरातही तेच झालं. तुम्ही सेविका झालात, पगार नसेल पण मानधन आलं, चार लोकांत नाव झालं. नणंदेचं राहून गेलं. मी तुम्हाला दोष देत नाही. पण मला कोणी म्हटलं ना, की जुन्या बायका दोन-दोन, चार-चार मुलं हसत वाढवायच्या आणि तुम्हाला दोनच जड होतात, तर मला विचारावंसं वाटतं, किती जणी मिळून वाढवायच्या?

मावशी : बरं, मानलं. आता माझं ऐक. तुले नणंद नको, जाऊ नको, कोणाची पोरगी शाळेतून काढाले नको. बरोबर. मंग तू ज्याले घेऊन संसार करून राहिली त्याच्या हाती तं दे लेकरू! मागच्या रविवारी मी इथंच होती. तो लहान्याले अंघोळ घालत होता. तू तीनदा आत गेली. पाणी फार गरम, साबण डोळ्यांत जाईल, कानात पाणी जाईल. चवथ्यांदा त्यानं तांब्या ठेवला अन् म्हणला, तूच घाल.

वहिनी : पाणी खरंच गरम होतं.

मावशी : असंल. एकदा लेकरू रडलं असतं, दुसऱ्यांदा त्यानं हात घालून पाहिलं असतं. तुले कोणी शिकवलं होतं? तूही पहिल्या पोरीच्या वेळी रडतच शिकली.

वहिनीला हे लागलं. ती थोडा वेळ लहान्याच्या केसांतला भात काढत बसली.

वहिनी : मला शिकायला पर्याय नव्हता, मावशी. त्यांना आहे. ते तांब्या ठेवून बाहेर जाऊ शकतात आणि पेपर वाचू शकतात. मी ठेवला तर बाळ पाण्यातच राहील. माझी टोकायची सवय वाईट आहे, ती सोडीन. पण रात्री आठला आल्यावर मी थकलो म्हणायचा हक्क एकालाच कसा? लहान्याची लस कधी, मोठीची वही कधी संपली, शेजारच्या बाईंना पैसे कधी द्यायचे, घरात दूध आहे का, हे सगळं माझ्याच डोक्यात. हात लावण्याआधी आठवावं लागतं. ते आठवण्याचं काम तर ते रविवारीही करत नाहीत.

इथे मला बोलावंसं वाटलं, कारण तो माझा भाऊ आहे आणि आमच्याच आईने त्याला ताटावरून उठताना ताट उचलायला शिकवलं नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली होती. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा 97 मिनिटं. आणि हे 97 सुद्धा घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे. असे पुरुष तेव्हा शंभरात 26 होते, बायका 81. मूल सांभाळणं यात धरलेलं नाही, त्याचा हिशेब वेगळा आणि तोही बायकांकडेच झुकलेला. मी हे वाचून दाखवलं तेव्हा मावशी म्हणाली, एवढं मोजाले सरकार कायले लागलं, कोणत्याही सैपाकघरात डोकावलं असतं तं दिसलं असतं.

वहिनी : पण मावशी, सगळं नवऱ्याच्या हाताने होणार नाही. ते सात ते आठ घराबाहेरच आहेत. 2017 पासून कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, पन्नास माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटता आलं पाहिजे. छान कायदा आहे. पण आमच्यासारख्या तासिकावाल्यांच्या वाट्याला तो येत नाही. मी हा तीन महिन्यांचा असताना परत उभी राहिले, नाहीतर तास दुसऱ्याला गेले असते. शिकवताना अंगावर दूध यायचं. पदर घट्ट धरून फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे. माझं सोडा. मजुरीला जाणारी, धान रोवायला जाणारी बाई काय करते? बांधावर झाडाला झोळी बांधते.

मावशी : रोजगार हमीच्या कामावर नियम आहे. पाच लेकरं सहा वर्षांखालची असली तं एक बाई त्यांना सांभाळाले, मजुरीवर.

वहिनी : कागदावर आहे. म्हणून म्हणते, अंगणवाडी संध्याकाळपर्यंत का नसावी? जागा आहे, वजनकाटा आहे, पोषण आहार आहे, शिकलेली बाई आहे. 1975 पासूनची एवढी मोठी व्यवस्था, आणि दुपारी कुलूप. आता पाळणा नावाची योजना आहे केंद्राची, अंगणवाडीतच पाळणाघर करायची. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं. तसं रामटेकच्या प्रत्येक वॉर्डात झालं तर माझ्यासारखीचं आणि झोळी बांधणारीचंही भागेल.

मला वाटलं, मावशी लगेच हो म्हणेल. ती एकदम ताठ झाली.

मावशी : अन् संध्याकाळपर्यंत तिथं बसणार कोण? सेविकाच ना? तिले का घर नाही? सकाळी लेकरं, मंग गृहभेटी, मंग मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरा, मातृवंदनेचे फॉर्म भरा, निवडणुका आल्या तं मतदार याद्या घ्या. अन् पगार नाही, मानधन. 2023 च्या डिसेंबरात आमच्या साऱ्या बाया संपावर गेल्या, पन्नास दिवसांवर बसल्या, भर थंडीत. त्याआधीच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ग्रॅच्युइटीचा हक्क मानला, तरी मागावंच लागते. तू म्हणशील, अंगणवाडी वाढवा. वाढवा ना. पण माझ्या घरी जे माझ्या नणंदेचं झालं तेच तू सेविकेचं करशील. तुझी लेकरं तिच्या कडेवर, अन् तिची कोणाच्या?

या प्रश्नाला वहिनीकडे तयार उत्तर नव्हतं, आणि तिने ते असल्यासारखं दाखवलंही नाही. शेजारच्या बाईंचं घर तिथून दिसत होतं. त्या बाईंची सून त्याच वेळी कामाला गेलेली असते आणि तिचं बाळही त्याच बघतात, हे वहिनीला ठाऊक आहे.

वहिनी : मग दुसरी बाई नेमा. पाळणाघरासाठी वेगळी, शिकवून, पूर्ण पगारावर. फुकटात किंवा मानधनात नको. मीही फुकट मागत नाही. माझ्या तासांचे जे येतात त्यातला मोठा वाटा आताही यातच जातो, तो तिथे देईन. ज्यांना देता येत नाही त्यांचा सरकारने द्यावा.

मावशी : अशी मागणी केली तं मी येते तुझ्यासंगं पंचायत समितीत. निवृत्त झाली तरी चार सेविका मले ओळखतात.

वहिनी : खरंच याल?

मावशी : येईन. पण एका अटीवर. या रविवारी पाणी कितीही गरम असो, तू आत जायचं नाही.

वहिनी हसली. मग लहान्याला काखोटीला मारून, त्याचा छोटा बैल हातात घेऊन ती मोठीच्या मागे निघाली. मावशीने फरशी पुसायला फडकं घेतलं. मी ते तिच्या हातातून घेतलं.

बाकीचं मला माझ्या नावावर म्हणायचं आहे. लेकरं आपोआप वाढतात हे खरं नाही, आणि ते एकट्या आईनेच वाढवायचं काम आहे हेही खरं नाही. आपल्या आज्यांच्या अंगणातले ते खूप हात बहुतेक बायकांचे आणि मुलींचे होते. त्यांतल्या कित्येक हातांतली पाटी काढून घेऊन त्यांत मूल दिलं होतं. ते अंगण परत आणू या असं जे म्हणतात, त्यांनी हात कोणाचे ते आधी सांगावं.

माझ्या भावाला, आणि सकाळी सातला घर सोडणाऱ्या त्याच्यासारख्या प्रत्येक बापाला माझं सांगणं आहे. सातच्या आधीचा तास तुमचा आहे. मोठीची वेणी आणि डबा तुम्ही करा, लशीची तारीख तुमच्या फोनमध्ये असू द्या. वेणी वाकडी आली तरी शाळेत घेतात.

रामटेकच्या नगरपरिषदेला आणि पंचायत समितीला विनंती आहे, अंगणवाडीला लागून पाळणाघरं उघडा. एकदम सगळीकडे जमत नसेल तर धानाची रोवणी आणि कापणी या दोन हंगामांपासून सुरुवात करा, आणि तिथे बसणाऱ्या बाईला मानधन नको, पगार द्या. मागणीच्या अर्जावर वहिनीची आणि मावशीची सही झाली आहे. तुमच्या घरी किंवा शेजारी लहान मुलं असतील, तर तुमचीही करा.